केबल चोरणारी मुले आपल्याच गावची निघाली, तर गावाने काय करावे?

मार्कंडेयकाठ
बेळगाव तालुक्यात मार्कंडेय नदीच्या काठी आमचे गाव आहे. पावसाळा संपल्यापासून शिवारातल्या पंपांच्या केबल कापून नेण्याचे प्रकार वाढले होते. पंधरवड्यापूर्वी उसाच्या बांधावर जळालेल्या गवताचा काळा डाग आणि त्यात रबराच्या वितळलेल्या गुठळ्या सापडल्या. केबल जाळून तांबे काढले होते. दोन दिवसांनी मुले पकडली गेली. एक 17 वर्षांचा आहे, दुसरा 20 वर्षांचा. दोघांनाही मी शाळेत शिकवले आहे. ओसीची (आकड्यांवर पैसे लावायच्या मटक्याची) आणि मोबाईलवरच्या सट्ट्याची उधारी फेडायची होती, असे थोरल्याने सांगितले.

चव्हाट्यावर पंच मंडळींची बैठक झाली. पोलिसांत न जाता चोप देऊन सोडावे, असे काहींचे म्हणणे पडले, तर काहींनी दोन्ही घरे वाळीत टाकावीत असे सुचवले. ज्याची केबल गेली त्याचा भाजीचा मळा आठ दिवस पाण्यावाचून राहिला, त्यामुळे त्याचा संताप मला खोटा वाटत नाही. तरीही हे दोन्ही मार्ग मनाला पटत नाहीत. कष्टाळू घरातली मुले इथवर कशी येतात आणि गावाने त्यांना कुठे अडवायला हवे होते, याविषयी जाणकारांनी लिहावे.

उद्यमबागेतला फोरमन
गुरुजी, मी फाउंड्रीत 22 वर्षे काम करतो आणि अशी मुले रोज पाहतो. आयटीआय करून ती ठेकेदाराकडे लागतात, ऑर्डर कमी झाली की पहिली तीच घरी बसतात, आणि घरी सांगण्याची लाज वाटते म्हणून डबा घेऊन बाहेर पडतात. तो रिकामा दिवस पानपट्टीवर जातो. सिगारेटच्या पाकिटाच्या चिटोऱ्यावर आकडा लिहून देणारा माणूस त्यांना नावाने हाक मारतो, उधारी ठेवतो आणि घरची चौकशीही करतो. त्या वयात एवढी आपुलकी दुसरे कोणी दाखवत नसेल, तर मुलगा तिथेच रमणार.

आकडे दहा असतात आणि एका आकड्याला साधारण नऊपट मिळतात, म्हणजे रोज खेळणारा बुडणार हे गणितातच लिहिलेले आहे. हे मी कामाच्या ठिकाणी खडूने फरशीवर मांडून दाखवतो, तेव्हा मुले गप्प होतात. भाषणापेक्षा त्याचा उपयोग अधिक होतो असा माझा अनुभव आहे.

आणखी एक विचारतो. जाळलेले तांबे कोणी विकत घेतले, याची चौकशी बैठकीत झाली का? कोवळ्या पोराने किलोच्या मापात काळवंडलेली तार आणून दिली, तरी ती कुठून आली हे न विचारता पैसे मोजणारा माणूस जोवर आहे, तोवर ही दोन मुले सुधारली तरी तिसरे उभे राहील.

बेळगाव न्यायालयात वकिली
फोरमनसाहेबांचा प्रश्न अगदी योग्य आहे. चोरीचा माल माहीत असून घेणे हा भारतीय न्याय संहितेनुसार स्वतंत्र गुन्हा आहे, आणि शेतकऱ्यांनी फिर्याद देताना खरेदीदाराची माहितीही आग्रहाने नोंदवून घ्यावी. फिर्याद लिहून झाल्यावर ती वाचून दाखवणे आणि प्रत विनामूल्य देणे बंधनकारक आहे. आपल्याकडे ती कन्नडमध्ये लिहिली जाते, म्हणून मजकूर मराठीत समजावून घेतल्याशिवाय सही करू नये.

गाव पोलिसांना टाळते, कारण मुलाच्या आयुष्यावर कायमचा डाग पडेल अशी भीती असते. कायदा मात्र इतका कठोर नाही. 17 वर्षांच्या मुलाला कोठडीत ठेवता येत नाही. त्याचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते, आणि 2015 च्या कायद्यानुसार असा ठपका पुढे नोकरीच्या आड येत नाही. थोरल्यासाठी 1958 चा परिवीक्षा कायदा आहे. 21 वर्षांखालील आरोपीला अशा गुन्ह्यात तुरुंगात धाडायचे असेल, तर न्यायालयाला त्याची कारणे लिहावी लागतात; एरवी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडता येते. शिवाय 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या संहितेत, मालाची किंमत पाच हजारांपेक्षा कमी असेल, गुन्हा पहिलाच असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर समाजसेवेची शिक्षा आहे.

याउलट चव्हाट्यावर चोप देणारे स्वतः आरोपी होतात. वाळीत टाकण्याविषयी एवढेच सांगतो की सीमेपलीकडे चंदगडात हाच ठराव झाला असता, तर महाराष्ट्राच्या 2016 च्या कायद्यानुसार पंचांवरच गुन्हा दाखल झाला असता. आरोपीचे उत्पन्न कमी असेल किंवा तो अटकेत असेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो.

वडगावची ताई
आमच्या घरी माग होते, ते विकले. मुलाच्या उधारीची बातमी आईला सर्वांत आधी कळते, पण ती बोलत नाही, कारण तिच्याच नावावर फायनान्सचे दोन-तीन हप्ते असतात. माझ्या शेजारणीने मुलाचा सट्टा फेडायला गटाचे कर्ज काढले, आणि वसुलीची माणसे दारात बसली तेव्हा कारण सांगायची तिची हिंमत झाली नाही. जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध राज्याने 2025 मध्ये कायदा केला, हे तिला माझ्याकडून समजले. गुरुजी, पुढच्या बैठकीला त्या दोन्ही मुलांच्या आयांना बोलवा. चव्हाट्यावर बायका बसत नाहीत म्हणून जे आधी कळायला हवे, ते गावाला शेवटी कळते.

खानापूरकर
मी अशाच गुन्ह्यात 19 व्या वर्षी सापडलो होतो. गावाने मारले, ते अंगावरून गेले. पण त्यानंतर तीन सुगी मला कोणी कामाला बोलावले नाही, आणि त्या काळात ज्यांनी जवळ केले ते सगळे त्याच धंद्यातले होते. मला परत आणले ते तालमीतल्या वस्तादांनी. त्यांनी एक शब्द न विचारता पहाटे पाचला माती खणायला उभे केले आणि वर्षभर एकही दिवस चुकू दिला नाही. त्या मुलांची उधारी किती आहे आणि कोणाची आहे, ते आजच विचारा, कारण मागणारा पुन्हा येणार आहे.

मार्कंडेयकाठ
सर्वांचा आभारी आहे. काल दोन्ही घरी जाऊन आलो. थोरल्याची उधारी अकरा हजार आहे आणि त्याच्या आईला ती चार महिन्यांपासून ठाऊक होती. फिर्याद द्यायची, तीत तांबे घेणाऱ्याचाही उल्लेख करायचा आणि केबलची किंमत मुलांनी मळ्यात काम करून फेडायची, याला केबलवाल्या शेतकऱ्याने होकार दिला आहे. वाळीत टाकण्याचा विषय अजून मिटलेला नाही. रविवारी पुन्हा बैठक आहे, आणि या वेळी दोघांच्या आया येणार आहेत.