पीएसएमध्ये युटिलिटीचा क्रम उलटा होतोय, मदत हवी आहे

डायबेटिक रेटिनोपॅथी (मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्याला होणारी इजा) स्क्रीनिंग खर्चाच्या मानाने परवडतं का हे बघायला मार्कोव्ह मॉडेल (पेशंट आजाराच्या एका स्टेटमधून दुसऱ्यात जातात असं धरणारं गणित) एक्सेलमध्ये केलंय, तुलना फंडस कॅमेरा विरुद्ध काहीच स्क्रीनिंग नाही अशी, डिस्काउंट रेट 3 टक्के, थ्रेशोल्ड (परवडण्याची खर्चमर्यादा) एक पट दरडोई जीडीपी. बेस केस आणि टॉर्नेडो डायग्राम (एकेक इनपुट बदलल्यावर निकाल किती हलतो त्याचा आलेख) व्यवस्थित आलेत.

घोळ पीएसएमध्ये (प्रोबॅबिलिस्टिक सेन्सिटिव्हिटी अ‍ॅनालिसिस, म्हणजे सगळे इनपुट एकदम रँडम सॅम्पल करून मॉडेल पुन्हा पुन्हा चालवणं) आहे. खर्चांना गॅमा डिस्ट्रिब्युशन, रिलेटिव्ह रिस्कला लॉगनॉर्मल, युटिलिटीला (त्या स्टेटमधल्या जगण्याच्या दर्जाचा गुण, 1 म्हणजे पूर्ण आरोग्य) बीटा दिलंय, पण प्रत्येक स्टेटची युटिलिटी स्वतंत्र सॅम्पल होत असल्याने बऱ्याच रन्समध्ये अंधत्व आलेल्या पेशंटची युटिलिटी सौम्य रेटिनोपॅथीवाल्यापेक्षा जास्त निघते, जे काही केल्या पटत नाही! असे रन्स फेकून बघितले, पण मग सरासरी सरकते आणि डिस्ट्रिब्युशनच बदलतं. सगळ्या स्टेट्सना एकच रँडम नंबर वापरला तर क्रम टिकतो, पण मग त्या शंभर टक्के जोडलेल्या आहेत असं धरल्यासारखं होतं, ते जरा जास्तच वाटतं.

पेशंट-लेव्हल डेटा नाहीये, पेपरमधले मीन आणि स्टँडर्ड एरर तेवढे आहेत, त्यामुळे कोरिलेशन काढता येत नाही. आर (स्टॅटिस्टिक्सची प्रोग्रॅमिंग भाषा) येत नाही, एक्सेलमध्येच जमवायचंय.

तर सौम्य स्टेटची युटिलिटी बीटाने घेऊन पुढच्या प्रत्येक स्टेटसाठी फक्त घट सॅम्पल करावी का, आणि तसं केलं तर त्या घटीचा स्टँडर्ड एरर उपलब्ध आकड्यांवरून कसा काढायचा?