टॉकीजच्या पडद्यामागे एवढी जागा कशासाठी?

रानवारा:
आमच्या तालुक्याच्या गावची जुनी टॉकीज पाडायला काढलीय. बंद पडून बारा-तेरा वर्षं झाली. गेल्या आठवड्यात मालकांच्या पोराबरोबर आत शिरलो. पडदा कधीच गेलाय, नुसती चौकट उभी आहे. तिच्यामागं वीसेक फूट खोल लाकडी चौथरा, खालून पोकळ. पाय आपटला की ढोलासारखा घुमतो. बाजूला दोन अंधाऱ्या खोल्या, एकीच्या भिंतीत ओळीनं कोनाडे. सिनेमाला एवढ्या जागेचं काय काम? मालकांच्या घरचे म्हणतात थेटर चोपन्न सालचं. आमची आजी म्हणायची, तिच्या लग्नाआधीचं, म्हणजे चाळीसच्याही मागचं. खरं कोण?

भेळभत्ता:
सोड्याच्या बाटल्यांचं गोडाऊन असणार. इंटरव्हलला तिकडूनच यायच्या.

कार्बनवाला:
गोडाऊन कसलं, ते स्टेज आहे! मी एकतीस वर्षं केबिनमध्ये सिनेमाचं मशीन चालवण्यात काढली, दुसऱ्या गावी, पण आमचंही असंच नाटकाचं थेटर होतं. कोनाड्यांची खोली म्हणजे रंगपट, नटांची रंगायची खोली.

१९३१ ला 'आलम आरा' हा पहिला बोलपट आला, १९३२ ला प्रभातचा मराठी बोलपट 'अयोध्येचा राजा'. संगीत नाटकांच्या कंपन्या आधीच कर्जात, त्यात हे. थेटरं रिकामी राहू लागली तसा मालकांनी पडदा टांगला. खुद्द बालगंधर्व १९३५ साली 'धर्मात्मा'मध्ये एकनाथ झाले, तिथं गावच्या थेटरमालकाची काय कथा!

स्टेज आम्हाला सोयीचंच पडलं. पडद्याला बारीक भोकं असतात, कर्णे त्याच्या मागं ठेवायचे, म्हणजे आवाज नटाच्या तोंडातून आल्यासारखा वाटतो.

खात्री करायची तर आता केबिनकडं जा. जुनी फिल्म नायट्रेटची, ठिणगी पडली की भडका, पाण्यानंही विझायची नाही. म्हणून केबिनच्या भिंती जाड, भोकांना लोखंडी झडपा. नाटकाला केबिन लागत नाही, तेव्हा ती मागाहून चढवलेली असणार. तिची भिंत मूळ भिंतीला टेकते तिथं बघ. विटा एकमेकींत गुंतलेल्या नसतील, नुसता उभा सांधा असेल, तर आजी खरी.

जाता जाता सांगतो. रीळ दोन हजार फुटांचं, वीस-बावीस मिनिटांत संपायचं. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर ठिपका चमकला की दुसऱ्या मशीनची मोटर चालू करायची, पुढच्या ठिपक्याला पालटायचं. अजून टीव्हीवर जुना सिनेमा लागला की माझी नजर त्या कोपऱ्यात. बायको म्हणते, अहो, हिरॉईन डावीकडं आहे.

कृष्णाकाठ:
काकांशी सहमत. मिरजेचं हंसप्रभा थिएटर असंच नाटकांचं, नारायणराव राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, १९०५ साली तिथंच पहिल्यांदा उभे राहिले. आता त्या जागी बालगंधर्वांच्या नावाचं नाट्यगृह आहे.

चोपन्नचं कोडंही फार अवघड नाही. मुंबई राज्याचा सिनेमागृहांचा कायदा १९५३ चा. मालकांकडं कागद असेल तो बहुधा त्यानंतरच्या परवान्याचा. कलेक्टर कचेरीत फाईल मिळाली तरी ती सिनेमाचं साल सांगेल, इमारतीचं नाही. त्यासाठी नगरपालिकेचा घरपट्टीचा जुना उतारा काढ.

रानवारा:
काका, सांधा आहे! बोटाचं पेर आत जातं. मूळ भिंत चुन्याची, केबिन सिमेंटची.

रंगपटात मोबाईलचा उजेड टाकला तर प्रत्येक कोनाड्याच्या वर एक खिळा आणि त्याखाली चौकोनी फिकट डाग. आरसे असणार. एका कोनाड्याच्या तळाला तांबूस काहीतरी पार मुरलंय, रंग की कुंकू कळलं नाही.

उताऱ्यासाठी अर्ज दिलाय. पण जेसीबी शनिवारी येतोय. चौथऱ्याचं लाकूड आधीच विकलं गेलंय, सागवान आहे म्हणे. मुकादमानं एक फळी दिली, दोनशे रुपये घेऊन.

कार्बनवाला:
शनिवारच्या आत केबिनचेही फोटो काढ. मशीनचा दिवा कार्बनच्या कांड्यांवर जळायचा; भिंतीत त्यांचे तुकडे ठेवायचा डबा असेल तर तो मला हवाय, पैसे देतो.