न्हावाशेवा आपल्याच किनाऱ्यावर, तरी बांगलादेशी कपडे महाग का?

दुकानवाली, चिपळूण
बाजारपेठेत माझं लहान मुलांच्या रेडीमेड कपड्यांचं दुकान आहे. जुलै २०२१च्या पुरात सगळा माल चिखलात गेला. दुकान पुन्हा उभं केलं ते कोलकात्याच्या व्यापाऱ्याकडून येणाऱ्या बांगलादेशी टीशर्ट-पॅंटींवर. शिलाई पक्की, धुऊन टिकतात, वाडीवरच्या गिऱ्हाइकालाही परवडतात. १७ मे २०२५ला सरकारनं हे कपडे रस्त्यानं आणणं बंद केलं. आता फक्त कोलकाता आणि न्हावाशेवा ही दोन बंदरं. गणपतीत चाकरमानी दारात आणि माझी ऑर्डर अर्धीच, तीही चढ्या भावानं. बंदर इतकं जवळ, मग असं का? आणि मुळात भांडण कशाचं?

उरणकर, क्लिअरिंगवाला
ताई, बंदर जवळ आलं पण वाट लांबली. पूर्वी ट्रक बेनापोल-पेट्रापोलच्या सीमानाक्यावरून थेट कोलकात्याला यायचा. आता माल बांगलादेशातल्या चटगाव बंदरात कंटेनरमध्ये भरायचा, पुष्कळदा कोलंबोला जहाज बदलायचं, मग इकडे. लहान व्यापाऱ्याचा कंटेनर भरत नाही, म्हणून तो चार जणांच्या मालाची वाट बघतो. जकात वाढलेली नाही, तुम्ही भरताय ते भाडं आणि खोळंबा.

भांडणाचं म्हणाल तर, ८ एप्रिल २०२५ला आपण बांगलादेशाचा माल आपल्या बंदर-विमानतळांवरून तिसऱ्या देशात नेण्याची सवलत काढली. आठवडाभरात त्यांनी आपलं सूत रस्त्यानं घेणं थांबवलं. त्यांच्या सूतगिरण्यांना ते हवंच होतं. मग मे महिन्यात आपण कपडे अडवले.

भिवंडीचा मागवाला
मी बंदीच्या बाजूनं आहे. चीनचं कापड तिकडे शिवून इथे बिनजकात उतरतं, आणि माझे माग आठवड्यातून दोन दिवस बंद. ताईंचं नुकसान मला दिसतं, पण आमच्याकडचे कारागीर गावी परत चाललेत तेही बघा.

निवृत्त बोटवाले काका, रत्नागिरी
२००५ साली मी जहाजावर होतो. जानेवारीत जगभरचा कापडाचा कोटा, म्हणजे कुठल्या देशाचा किती माल घ्यायचा ती मर्यादा, उठला, चिनी कपड्यांची लाट आली आणि जूनमध्ये युरोपनं पुन्हा मर्यादा घातली. ऑगस्टपर्यंत पैसे चुकते झालेले ७.५ कोटींहून जास्त कपडे तिकडच्या बंदरांत अडकून पडले होते. ५ सप्टेंबरला बीजिंगमध्ये तोड निघाली: अडकलेल्या मालाचा निम्मा भार चीननं घ्यायचा, निम्मा युरोपनं. बंदी योग्य की अयोग्य, यावर वाद होऊ दे. पण आधीच ठरलेल्या मालाला मुदत द्यायलाच हवी होती. आपला १७ मेचा हुकूम त्याच दिवशी लागू झाला.

दुकानवाली, चिपळूण
काका, माझं दुखणं नेमकं तेच. भिवंडीच्या दादा, दिवाळीचा माल बघायला मी परवा तुमच्याकडे येते, मुलांचं सुती कापड असेल तर सांगा. पण मेच्या सुरुवातीला मी ४० हजार आगाऊ दिलेत. व्यापारी म्हणतो, सरकारला विचारा.