मदत हवी आहे: कुत्रं कामावर सोबत असतं, गाडीत थांबत नाही

बोअरवाला
नमस्कार. पटकन कोणीतरी सांगा. माझा मोती रोज कामावर सोबत असतो. गाडीत बांधला की उडी मारतो, सोडला की लोकांच्या कोंबड्यांमागे पळतो. घरी ठेवता येत नाही, ते सुचवू नका. कामाला माझे दोन्ही हात लागतात. परवा थोडक्यात वाचला. गाडीत गप्प बसायची सवय कशी लावायची एवढंच सांगा. सीझन आहे, वेळ नाही.

श्वानसखी
कृपा करून आधी गाडीत ठेवणं बंद करा! बंद गाडी उन्हात दहा मिनिटं उभी राहिली तरी आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा दहाएक अंशांनी वाढतं. काच दोन बोटं उघडी ठेवून काही फरक पडत नाही. कुत्र्याचं अंग मुळातच ३८ ते ३९ अंशांवर असतं आणि त्याला आपल्यासारखा घाम येत नाही, धापा टाकूनच तो अंग थंड करतो. ४१ च्या पुढे गेलं की जीव वाचवणं अवघड होतं. माझ्या मैत्रिणीचा पग असाच गेला. लग्नाच्या हॉलबाहेर, अर्ध्या तासात.

बोअरवाला
ताई, उघडी गाडी आहे. पिकअप. मागे हौद्यात असतो.

मुधोळप्रेमी
जात कोणती? कारवान किंवा पश्मी असेल तर ते बांधून राहणारच नाही, त्याला पळायला लागतं. आपल्याकडे देशी जातींची किंमतच नाही. २००५ साली पोस्टाने चार देशी कुत्र्यांची तिकिटं काढली होती: मुधोळ, रामपूर, राजपालयम आणि हिमालयन शीपडॉग. माझ्याकडे तो संच अजून आहे.

चौकस
@मुधोळप्रेमी, तिकिटांचा धागा वेगळा काढा ना.
@बोअरवाला, काम नक्की काय करता? कुत्र्याचं वय किती? हौद्यात कशाने बांधता, किती लांब? आणि "थोडक्यात वाचला" म्हणजे काय झालं? हे सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार?

बोअरवाला
गावठी आहे, नर, दीड वर्षाचा. मी बोअरच्या पाणबुडी मोटारी काढतो-बसवतो. ओतूर, उदापूर, बेल्हे, आळेफाटा, जुन्नर तालुक्यातला हा सगळा पट्टा.

परवा एका मळ्यात मोटार वर घेत होतो. घोडी (पाइप वर ओढायचा तिपाई सांगाडा) उभी, चेन पुलीवर अकरा पाइप, म्हणजे २२० फूट. शेतकरी केबल गुंडाळत होता, चेन माझ्या हातात. मागे फाळक्यावर नखं घासल्याचा आवाज आला आणि एकदम शांत. वळून बघतो तर मोती फाळक्याबाहेर, गळ्यातल्या साखळीवर लोंबकळतोय. मागच्या पायांची बोटं जेमतेम जमिनीला टेकत होती. चेन सोडली असती तर मोटार पाइपांसकट बोअरमध्ये. शेतकऱ्याला हाक मारली, पण त्याला काय झालंय ते कळेना. मी पाइपला क्लँप लावला, दोन्ही बोल्ट आवळले, मग पळालो. किती सेकंद गेले माहीत नाही. उचलला तेव्हा जीभ निळी पडली होती. पाच मिनिटं मांडीवर घेऊन बसलो, मग उठून माझा हात चाटायला लागला. त्या रात्री जेवण गेलं नाही मला.

म्हणून विचारतोय.

मेंढरामागं
दादा, वाचून अंगावर काटा आला. सवय लागायची तेव्हा लागेल, आज संध्याकाळीच पहिलं काम हे करा. गळ्यातल्या पट्ट्याला साखळी लावणं बंद. छाती-पोटावरून जाणारा हार्नेस घ्या आणि पाठीवरच्या कडीला बांधा. साखळी हौद्याच्या मधोमध तळाला अडकवा, बाजूच्या दांड्याला नाही. लांबी एवढीच की उठता, वळता, बसता येईल, पण तोंड फाळक्याच्या कडेपर्यंत पोचणार नाही. मध्ये भवरकडी टाकायला विसरू नका, नाहीतर गरगर फिरून साखळीला पीळ बसतो आणि ती आखूड होत जाते. गुरांच्या दाव्याला लावतात तीच, बाजारात कुठंही मिळते.

वेल्डिंगराजा
साखळीच्या भानगडीत पडूच नका. अँगल आणि वेल्डमेशचा पिंजरा करून हौद्यात बोल्टने बसवा. आत टाकला, कडी लावली, विषय संपला. मी तीन करून दिलेत.

श्वानसखी
लोखंडी पिंजरा, लोखंडी हौदा आणि एप्रिलचं ऊन! त्या पत्र्यावर दुपारी एकदा आपला तळहात ठेवून बघा. पंजे भाजतात हो.

वेल्डिंगराजा
वरून शेडनेट टाकायची, खाली ओलं गोणपाट. टोमॅटोच्या रोपांना चालतं ते कुत्र्याला का चालणार नाही?

मेंढरामागं
शेडनेट आणि गोणपाट बरोबर आहे, ते साखळीवाल्यालाही लागणारच. पण कधी न कोंडलेलं दीड वर्षाचं कुत्रं पहिल्याच दिवशी पिंजऱ्यात घातलं तर दात मोडून घेईल. सवयीचं विचारलं होतं म्हणून सांगतो. गाडी घरासमोर उभी असताना सकाळ-संध्याकाळचं खाणं हौद्यातच द्या. आधी दोन मिनिटं थांबवा, मग पाच, मग तुम्ही नजरेआड जाऊन या. गप्प बसला की लगेच भाकरीचा तुकडा. भुंकत असताना कधीही सोडायचं नाही, नाहीतर भुंकलं की सुटका हे त्याच्या डोक्यात पक्कं बसतं. दोन आठवडे तरी धरा. तुमचा घामाचा शर्ट आत टाका, त्यावर निवांत झोपतो.

कायदेपंडित
लसीकरणाचं कार्ड गाडीत आहे का? भारतीय न्याय संहितेचं कलम २९१: आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाला इजा होऊ नये याची काळजी घेतली नाही तर ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तुम्ही दुसऱ्याच्या मळ्यात जाता, तिथं लहान मुलं असतात. शिवाय हाउसिंग सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, हेही लक्षात असू द्या.

चौकस
मळ्यात कुठली सोसायटी, साहेब?

बोअरवाला
रेबीजचं इंजेक्शन दरवर्षी देतो, सरकारी दवाखान्यात. कार्ड घरी आहे, गाडीत ठेवतो. हार्नेस आणि भवरकडीचं पटलं, उद्याच आणतो. मेंढरामागं भाऊ, मनापासून आभार.

ऊसवाला_शिरूर
बोअरवाले भाऊ, विषय निघालाय म्हणून विचारतो. माझी साडेसात एचपीची मोटार सुरू होते आणि दहा मिनिटांत ट्रिप मारते. पॅनेल नवीन आहे. काय असेल?

बोअरवाला
मोटार चालू असताना तिन्ही फेजचं व्होल्टेज आणि अँपिअर मोजून घ्या. एका फेजला कमी-जास्त असेल तर लाइटचा नाहीतर केबलच्या जॉइंटचा दोष. सारखं असून ट्रिप मारत असेल तर रिलेची सेटिंग बघा, आणि पाणी खाली गेलंय का तेही.

चौकस
एक राहिलंच. रात्रीच्या कॉललाही मोतीला नेता का?

बोअरवाला
हो, म्हणजे काय. रात्रीच्या पाळीची लाइट असली की थ्री फेज रात्रीच येतो, टेस्टिंग तेव्हाच होतं. उलट रात्री तो हवाच. एकट्याला मळ्यात बरं वाटतं. मागच्या महिन्यात स्टार्टरच्या पेटीत घोणस होती, मी हात घालणार तेवढ्यात हा पेटीकडं बघून भुंकायला लागला. त्याच्यामुळं वाचलो.

कुकडीकाठ
इतके दिवस नुसतं वाचत होतो, आता लिहायलाच हवं. दादा, ओतूर-बेल्हे पट्ट्यात, रात्री, उसाच्या कडेला, उघड्या हौद्यात बांधलेलं कुत्रं! बिबट्याला ताट वाढून ठेवल्यासारखं आहे ते. आमच्या वस्तीवरची तीन कुत्री दोन वर्षांत गेली, एक तर ओसरीवरून. सकाळी फक्त तुटलेली दोरी. शेजारच्या अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेवरून अभ्यास केला होता. त्याच्या खाण्यात, वजनाच्या हिशोबात, साधारण ३९ टक्के कुत्रीच निघाली. शेळ्यांच्या कितीतरी पुढे. तुमच्या मोतीला साखळीमुळं पळताही येणार नाही.

मुधोळप्रेमी
तसं नाही. कुत्र्याला आधी वास लागतो, ते भुंकून सावध करतं. धनगरांची कुत्री खिळ्यांचा पट्टा घालून कळपाची राखण करतातच ना?

मेंढरामागं
करतात, पण ती चार-पाच असतात, मोकळी असतात, आणि मेंढरांच्या वाड्यावर माणसं जागी असतात. खिळ्यांच्या पट्ट्यानं गळा वाचतो, एकटं बांधलेलं कुत्रं वाचेलच असं नाही. कुकडीकाठ बरोबर बोलतायत.

कुकडीकाठ
आणि फक्त मोतीचा प्रश्न नाही. बिबट्या कुत्र्यासाठी येणार आणि तिथं दहा पावलांवर तुम्ही स्टार्टरसमोर उकिडवे बसलेले. वाकलेला, बसलेला माणूस त्याला माणूस वाटत नाही, लहान जनावर वाटतं. म्हणूनच रात्री शेतात बसू नका, मोठी बॅटरी ठेवा, मोबाइलवर गाणी लावा, बोलत राहा, असं वनखातं सांगत असतं. शेतकऱ्याला बॅटरी घेऊन तुमच्या पाठीमागे उभं करा, आणि तो नसेल तर काम सकाळवर ढकला. बिबट्या दिसला तर वनखात्याच्या १९२६ वर फोन करा. मोतीला मात्र रात्री नेऊ नका, हात जोडून सांगतो.

बोअरवाला
खरं सांगायचं तर हा विचार मनात आला नव्हता असं नाही. पण घरी ठेवायचं सुचवू नका म्हणालो त्याला कारण आहे. आळेफाट्याला एका खोलीत भाड्यानं राहतो. बायको बाळंतपणाला माहेरी गेलीय. खोलीत एकटा कोंडला की मोती रडतो, अख्खी चाळ जागी होते. मालकानं सांगितलंय, अजून एकदा आवाज आला तर खोली खाली करा.

श्वानसखी
अहो, हे पहिल्याच दिवशी सांगायचं ना! ती रोज घरात होती, अचानक दिसेनाशी झाली, म्हणून रडत असेल. तिची एखादी जुनी साडी अंथरूणात घाला. आणि रात्रीपुरतं ठेवायला कोणी ओळखीचं नाही का? मोती ज्यांच्याकडे जेवतो असं कोणीतरी?

बोअरवाला
मोटारी वायंडिंगला देतो त्या गाळ्यात दोन पोरं रात्री शटर लावून झोपतात. मोती त्यांच्याकडं वडापाव खातो रोज. बोलून बघतो.

बोअरवाला
(सोळा दिवसांनी) सगळ्यांना सांगायचं राहिलं होतं. पोरं तयार झाली. रात्रीच्या कॉलला मोती गाळ्यात असतो, पहिल्या दोन रात्री रडला, आता शटरला पाठ लावून झोपतो. दिवसा हौद्यात हार्नेस, मधोमध साखळी, वर हिरवी शेडनेट. काल उदापूरला तीन तास काम चाललं, एकदाच उठला, पाणी प्यायला आणि परत शर्टावर जाऊन बसला. रात्री शेतकरी बॅटरी घेऊन उभा असेल तरच पेटी उघडतो. एक अडचण आहे: हार्नेसचा पट्टा काखेत घासतोय, केस गेलेत. कोणता घ्यावा?

मेंढरामागं
नायलॉनचा पातळ असेल. आतून मऊ अस्तर असलेला, रुंद पट्ट्याचा घ्या, आणि दोन बोटं सहज आत जातील एवढा सैल ठेवा. तोवर खोबरेल लावा आणि तीन-चार दिवस काढून ठेवा.

बोअरवाला
तीन-चार दिवस काढला तर कामावर बांधू कशाला?

कुकडीकाठ
गाळ्यातच राहू द्या की दिवसाही. वडापाव आहेच.