गव्हाच्या दाण्यात जस्त वाढवायचं : चुन्याची निवळी की युरिया?

मदत हवी आहे, मंडळी. आपल्या वऱ्हाडातल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत झिंक सल्फेट (जस्ताचं खत) पेरून दिलं तरी बरंचसं मातीतच अडकतं, म्हणून दाण्यात जस्त उतरवायला फवाराच बरा. १५ लिटरच्या पंपाला ७५ ग्रॅम झिंक सल्फेट (२१ टक्केवालं) आणि रात्री भिजवलेल्या ३५-४० ग्रॅम चुन्याची निवळी. निवळी टाळली की पानांचे शेंडे करपतात. घातली की धोतराच्या फडक्यातून दोनदा गाळूनही नोझल चोंदतं.

चुन्याऐवजी ३०० ग्रॅम युरिया टाकला तर करपणं थांबेल का? आणि ओंबी दुधात (दाण्यात पांढरा चीक) असताना एकच फवारा पुरे, की फुलोऱ्यातही हवा? डीएपी खतात मिसळायचं तेवढं सुचवू नका जी, साका होऊन तळाशी बसतो.