घर तारण ठेवून व्हँकुव्हरला एडिटिंगचा कोर्स करावा का?

कांदिवली_लोकल

नमस्कार. वय २९, मूळचा नाशिकचा, सातपूर. मास मीडियात बी.ए. करून मुंबईला आलो, त्याला सहा वर्षं झाली. असिस्टंट एडिटर आहे. दोन मराठी चित्रपट, तीन वेबसिरीज, मधेमधे जाहिराती. रोज कांदिवलीहून अंधेरीच्या आराम नगरला जातो. सिंक (चित्र-आवाज जुळवणं), लॉगिंग (फुटेजच्या नोंदी), साउंडला आणि डीआयला (रंग ठरवणाऱ्या विभागाला) माल पाठवणं, रात्री दिग्दर्शक आले की त्यांच्यासमोर कट चालवणं, सगळं मीच बघतो. काम मनापासून आवडतं. पण शेवटच्या सिरीजचे निम्मे पैसे सात महिने झाले तरी आलेले नाहीत, आणि स्वतः एखादा एपिसोड कट करायची संधी अजून कुणी दिलेली नाही.

मागच्या महिन्यात नाशिकला एका एजंटला भेटलो. त्याच्या मते व्हँकुव्हरला एका खाजगी संस्थेत एक वर्षाचा पोस्ट-प्रॉडक्शनचा (शूटिंगनंतरच्या कामांचा) डिप्लोमा करायचा, तो झाला की वर्क परमिट आपोआप मिळतं. फी, राहणं, जाणं धरून ३२ लाख. वडील एमआयडीसीतल्या कारखान्यातून निवृत्त झालेत. सातपूरचं घर तारण ठेवायला ते लगेच तयार झाले, आणि तेव्हापासून मला नीट झोप लागत नाही. आई या विषयावर काहीच बोलत नाही. १५ तारखेच्या आत ५०,००० रुपये भरायचे आहेत.

व्हँकुव्हरला इतकं शूटिंग चालतं, तर असिस्टंट एडिटरला काम मिळेलच ना? कुणी या वाटेने गेलं असेल तर कृपया सांगा.

बर्नबीकर

वयाने तुझ्यापेक्षा बरीच मोठी आहे, म्हणून अरे-तुरे करते. त्या एजंटला एक रुपयाही देऊ नकोस. बाकीचं सावकाश सांगते, पण हे आधी.

कॅनडात शिकून झाल्यावर जे वर्क परमिट मिळतं, ते खाजगी करिअर कॉलेजच्या डिप्लोमावर मिळत नाही. एजंट हे सांगत नाहीत, कारण त्यांना कमिशन प्रवेशावर मिळतं, तुझ्या नोकरीवर नाही. मग सरकारी कॉलेजात जातो म्हणशील, तर तिथेही १ नोव्हेंबर २०२४ पासून स्टडी परमिटचा अर्ज करणाऱ्यांना नवा नियम आहे. पदवी सोडून कॉलेजचा दुसरा कोर्स केला, तर तो ठरावीक विषयांच्या यादीत असावा लागतो. आरोग्यसेवा, शेती, विज्ञान-तंत्रज्ञान, बांधकामातले धंदे, वाहतूक अशी ती यादी आहे. फिल्म एडिटिंग त्यात नाही. शिवाय १ सप्टेंबर २०२५ पासून फी आणि प्रवासखर्च सोडून वर्षाचे २२,८९५ कॅनेडियन डॉलर खात्यात दाखवावे लागतात. म्हणजे ३२ लाख घालवून वर्षभर शिकायचं, आणि मग परमिट नाही म्हणून सामान बांधायचं. माझ्या इमारतीत राहणाऱ्या दोन मुलांना मी याच कारणाने परत जाताना बघितलंय. एकाच्या आईने दागिने विकले होते.

दुसरी गोष्ट, शूटिंग इथे भरपूर होतं हे खरं. पण अमेरिकन सिरीज इथे शूट होतात आणि कट होतात बहुतेक लॉस एंजेलिसला. दिवसभराचं फुटेज संध्याकाळी लॅबमध्ये येतं, रात्रीत डेलीज (त्या दिवसाच्या फुटेजच्या बघण्याजोग्या प्रती) तयार होऊन तिकडे पोहोचतात, आणि एडिटर नि त्याचे असिस्टंट तिकडे बसलेले असतात. इथे उरतं ते मुख्यतः व्हीएफएक्स (संगणकावर केलेले इफेक्ट्स) आणि अ‍ॅनिमेशन, थोडं साउंड. कॅनडाच्या स्वतःच्या सिरीज आणि माहितीपट कट होतात, पण ते काम टोरोंटोला जास्त. तुझ्यासारखे असिस्टंट इथे आले की 'शूटिंग चाललंय त्या रस्त्यावरून रोज जातो, पण एडिट रूम सापडत नाही' असं म्हणतात.

आता मी कशी आले ते. मी सांगलीची. अंधेरीत पाच वर्षं तुझंच काम केलं. नंतर एका परदेशी व्हीएफएक्स कंपनीच्या मुंबईतल्या शाखेत व्हीएफएक्स एडिटर म्हणून लागले. हे काम असिस्टंट एडिटरला फार जवळचं आहे, आणि आपल्याकडे त्याची माहिती असिस्टंटांना कुणी देत नाही. लॉस एंजेलिसहून टर्नओव्हर येतो, म्हणजे ज्या शॉटवर इफेक्ट्स करायचे त्यांचा सगळा माल. ईडीएल (कटची यादी), रेफरन्स क्विकटाइम (कटचा नमुना व्हिडिओ), प्लेट्स (मूळ शूट केलेले शॉट), काउंट शीट (शॉटच्या तपशिलांचा तक्ता). प्रत्येक शॉटला पुढे-मागे आठ-आठ फ्रेमची हँडल्स (कटच्या बाहेरच्या जादा फ्रेम) आहेत का, नंबर ००१०, ००२० असे दहाच्या पटीत आहेत का (मधे नवा शॉट घुसला तर जागा हवी), कटमध्ये शॉटचा वेग बदललाय तो प्लेटमध्ये कसा येतोय, हे सगळं तपासायचं. मग चारशे शॉटची आवृत्तीमागून आवृत्ती कटमध्ये बसवून रोज सुपरवायझरला दाखवायची. तिकडे एडिटरने सहा फ्रेम कापल्या की इकडे एखाद्या मुलाची तीन दिवसांची मेहनत वाया जाणार की वाचणार, हे तू ती बातमी किती लवकर पोहोचवतोस त्यावर ठरतं. मला या कामात फार समाधान मिळालं, अजूनही मिळतं.

तीन वर्षांनी कंपनीने व्हँकुव्हरला बदलीची विचारणा केली. परमिट कंपनीने काढलं, तिकीट कंपनीचं. एचआरमधली बाई सारखी विचारत होती, डिसेंबर संपायच्या आत येता येईल का? मला वाटलं, सुट्ट्या लागतात म्हणून घाई असेल. माझा व्हिसा लांबला. मी उतरले ९ जानेवारी २०१७ ला, बर्फ पडत होता, हातात सांगलीच्या हळदीची पिशवी.

त्या घाईचं कारण मला पुढच्या वर्षी कळलं. व्हँकुव्हर ज्या प्रांतात आहे, त्या ब्रिटिश कोलंबियाचं सरकार डिजिटल इफेक्ट्सच्या कामावर दिलेल्या पगाराच्या १६ टक्के करसवलत देतं, आणि ती चित्रपटाच्या स्थानिक पगारांवर मिळणाऱ्या मूळ सवलतीच्या वर असते. मूळ सवलत तेव्हा २८ टक्के होती, आता २०२५ पासून शूटिंग सुरू झालेल्या कामांना ३६ झाली. पण ही सवलत प्रांतात राहणाऱ्या माणसाच्याच पगारावर मिळते. आणि 'राहणारा' कोण, तर आदल्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला जो इथला रहिवासी होता तो. आमच्या कंपनीचं आर्थिक वर्ष डिसेंबरात संपायचं. मी नऊ दिवस उशिरा आले, म्हणून २०१७ चं पूर्ण वर्ष माझ्या पगारावर कंपनीला काहीच परत मिळालं नाही. माझा पगार कुणी कापला नाही. पण आपली खुर्ची कशावर उभी आहे हे त्या दिवशी समजलं. हे सगळं काम सवलतीमागे फिरतं. कॅनडाच्याच क्विबेक प्रांताने २०२४ मध्ये सवलतीला कात्री लावली आणि माँट्रियलमधले किती ओळखीचे लोक मोकळे झाले. उद्या दुसऱ्या देशाने जास्त दिलं, की शॉट तिकडे जातील.

म्हणून परमिटचा प्रकार महत्त्वाचा. २ मे २०२३ ला हॉलिवूडच्या लेखकांचा संप सुरू झाला, १४ जुलैला नटांचा. आमच्याकडे आधी शूट झालेलं काम उन्हाळाभर पुरलं, मग नळाचं पाणी जावं तसं थांबलं. ऑक्टोबरात माझं कंत्राट संपलं. नोव्हेंबरात संप मिटला, पण नवीन शूटिंग होऊन प्लेट्स आमच्यापर्यंत यायला पुढचा उन्हाळा उजाडला. सात महिने मी घरी होते. मला २०२० मध्ये पीआर (कायम वास्तव्याचा परवाना) मिळालेलं, त्यामुळे बेरोजगारी विमा घेत मी शांतपणे दुसरं काम शोधू शकले. त्याचे तेव्हा आठवड्याला जास्तीत जास्त ६५० डॉलर, त्यातूनही कर कापला जायचा, आणि भाडं महिन्याला २,३००. पण जगले. माझ्या शेजारच्या खुर्चीवर नागपूरचा एक कंपोझिटर (शॉटमधले वेगवेगळे थर एकत्र बसवणारा) बसायचा, माझ्यापेक्षा किती तरी हुशार. त्याचं परमिट त्या एकाच कंपनीशी बांधलेलं. कुठेच भरती नसताना नवीन परमिट कोण काढणार? बायको आणि दोन वर्षांच्या मुलीला घेऊन तो जानेवारीत परत गेला. मुलीची बाबागाडी अजून माझ्याकडे आहे. द्यायची म्हटली तरी कुणाला देववत नाही.

तुला यायचंच असेल तर कुणाच्या तरी पगारावर ये, फीवर नको. नोकरीचं पत्र आलं की विचार: कंत्राट किती महिन्यांचं, की प्रोजेक्टपुरतं? परमिट कंत्राटाइतकंच की जास्त? प्रोजेक्ट मधेच बंद पडलं तर परतीचं तिकीट कोण देणार? पीआरच्या अर्जासाठी अनुभवाचं पत्र वेळेवर देणार का? सगळं लेखी घे.

सोहो_ते_साउथॉल

ताईंनी कॅनडाचं सगळं लिहिलंच आहे. मी लंडनला डायलॉग एडिटर आहे. ब्रिटनची एक वाट तुमच्या वयाला अजून उघडी आहे, म्हणून लिहितो.

भारतीयांसाठी 'यंग प्रोफेशनल्स स्कीम' नावाचा व्हिसा आहे. वय १८ ते ३०, पदवी हवी, आणि २,५३० पौंड खात्यात सलग २८ दिवस. वर्षाला ३,००० जागा, सोडतीने. सोडतीत नाव घालायला पैसे लागत नाहीत. लागली, तर दोन वर्षं कुणाच्याही प्रायोजकत्वाशिवाय काम करता येतं. फ्रीलान्सही चालतं, फक्त स्वतःची उपकरणं ५,००० पौंडांच्या आत आणि हाताखाली नोकर नको. आपल्या धंद्यात हे फार मोलाचं आहे, कारण इथे चित्रपट आणि मोठ्या मालिकांचे असिस्टंट फ्रीलान्सच असतात, एडिटर स्वतःच्या ओळखीतून घेतो. व्हिसाची फी वेगळी, आरोग्य अधिभार दोन वर्षांचा १,५५२ पौंड, टीबीची तपासणी करावी लागते. व्हिसा वाढवून मिळत नाही. वयाची ३१ वर्षं पूर्ण व्हायच्या आत अर्ज व्हायला हवा, तेव्हा पुढची सोडत चुकवू नका.

लंडनच्या सोहो भागातल्या पोस्ट-प्रॉडक्शन कंपन्यांमध्ये नवा माणूस रनर म्हणून लागतो. चहा-कॉफी, जेवण, हार्ड डिस्क इकडून तिकडे. सहा वर्षांच्या अनुभवानंतर मन दुखावेल. मी चार महिने केलं. रात्री कामाची मोकळी खोली (सूट) मिळाली की त्यात सराव करायचो, तिथल्याच एका साउंड मिक्सरने माझं काम ऐकून मला आत घेतलं.

आरामनगर

मी इथेच पोस्ट सुपरवायझर आहे. दादा, तुमच्या गल्लीतच असेन बहुतेक. पैसे अडकल्याचं वाचून वाईट वाटलं, एडिटरांच्या असोसिएशनचं कार्ड असेल तर लेखी तक्रार द्या, बिलं आणि मेसेज जोडून. तोंडी आठवण करून काही होत नाही.

एक मात्र सांगते, ओटीटीच्या कामामुळे बाहेरची शिस्त आता मुंबईतही आली आहे. आयएमएफ (अंतिम फाइलचा प्रकार), डॉल्बी व्हिजन, अ‍ॅटमॉस, एम अँड ई ट्रॅक (डबिंगसाठी संवाद वगळून संगीत-आवाज), सगळ्या डिलिव्हरी इथे होतात. मुलाखतीला आलेल्या दहा असिस्टंटांपैकी आठ मला शोरील दाखवतात. मी त्यांना एडिटिंग सॉफ्टवेअर अ‍ॅव्हिडचं प्रोजेक्ट उघडायला सांगते. बिनं (क्लिपचे फोल्डर) कशी लावलीत, नावं कशी दिलीत, आणि उद्या हा मुलगा आजारी पडला तर दुसऱ्याला सगळं सापडेल का, एवढंच बघते.

कांदिवली_लोकल

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुमचं उत्तर रविवारी सातपूरला जाऊन आई-बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. नागपूरच्या दादांचं वाचताना बाबा उठून अंगणात गेले. आईने पहिल्यांदा तोंड उघडलं, म्हणाली, "कागद परत कपाटात ठेव." एजंटला 'नको' म्हणून कळवून टाकलं. सोडतीसाठी पासपोर्ट आणि पदवीचे कागद काढून ठेवलेत, थकलेल्या पैशांची तक्रार काल दिली. गोरेगावात एका कंपनीत व्हीएफएक्स एडिटरची जागा निघाली आहे, शुक्रवारी मुलाखत आहे. मी काउंट शीट कधी बनवलेली नाही. त्यात काय काय असतं?

बर्नबीकर

आईला नमस्कार सांग. शॉटचा नंबर, रील, क्लिपचं नाव, प्लेटचा सुरुवातीचा आणि शेवटचा टाइमकोड, कटमधली लांबी फ्रेममध्ये, हँडल्स, वेग बदलला असेल तर किती टक्के, रिपोझिशन (चौकट सरकवणं) किंवा फ्लिप (शॉट उलटा करणं) असेल तर ते, आणि एका ओळीत काम काय आहे. तुझ्या जुन्या सिरीजमधला एक सीन घे, पंधरा शॉट पुरेत, आणि गुरुवारपर्यंत करून मला मेसेजमध्ये पाठव. नावाचा, कथेचा उल्लेख काढून टाक, ते दुसऱ्याचं काम आहे. मी इथल्या सकाळी बघते, म्हणजे तुझ्याकडे रात्री उत्तर येईल.