मदत हवी आहे: ओटीडीआरवर ७.४३ किमीला ०.६ डीबी, खणलं तर केबल धडधाकट

घाटवाट: १८ किमीची ऑप्टिकल फायबर लिंक, २४ कोअर (म्हणजे २४ फायबर). स्प्लाइसिंग (फायबर जोडणं) पूर्ण. ओटीडीआरवर (फायबरमध्ये प्रकाश सोडून किती अंतरावर किती लॉस ते दाखवणारं यंत्र) ७.४३ किमीला ०.६ डीबी लॉस, म्हणजे प्रकाशाची घट दिसतेय. काल सहा माणसं दिवसभर उन्हात खणत होती, केबलवर साधा ओरखडा नाही. शुक्रवारी रिपोर्ट दिला नाही तर बिल अडकेल. लवकर सांगा.

कोअरवाला: कुठल्या वेव्हलेंग्थवर? किती कोअरला? एका बाजूने की दोन्ही?

घाटवाट: १५५० नॅनोमीटर. चार कोअर. एका बाजूने.

दूरध्वनी: स्प्लाइसिंग मशीन कुठलं वापरता? घ्यायचं तर कोअर अलाइनमेंटवालंच (फायबरचा आतला गाभा जुळवणारं) घ्या, क्लॅडिंगवालं (बाहेरचा थर जुळवणारं) नको. आम्ही तेच घेतलं, त्रास संपला.

नाना: एका टोकाला लाइट सोर्स, दुसऱ्याला पॉवर मीटर. एकूण लॉस ठरलेल्या मर्यादेत बसला की झालं. ओटीडीआर काय, गेनरही (जोडावर घटीऐवजी वाढ) दाखवतो.

कोअरवाला: नाना, पॉवर मीटर लॉस किती ते सांगतो, कुठे ते नाही. आणि जोडलेल्या दोन फायबरचं बॅकस्कॅटर (मागे परतणारा प्रकाश) वेगळं असलं की गेनर दिसतो, म्हणून तर दोन्हीकडून मोजून सरासरी काढतात. घाटवाट, तेच कोअर १३१० वर बघा.

घाटवाट: १३१० वर ०.०५. म्हणजे ठीक ना?

कोअरवाला: नाही. १५५० वर भरपूर आणि १३१० वर नगण्य, म्हणजे फायबर कुठेतरी आवळून वळलंय. जवळचा जॉइंट (केबल जोडलेली पेटी) कुठे?

घाटवाट: ड्रॉइंगमध्ये ७.१८ ला. अडीचशे मीटर अलीकडे, तो कसा असेल?

सर्व्हेताई: तिथपर्यंत चेंबर (केबलचे जमिनीतले हौद) किती, त्यात गुंडाळून ठेवलेली जादा केबल, म्हणजे लूप किती? ओटीडीआर फायबर मोजतो, रस्ता नाही.

घाटवाट: ११ चेंबर, प्रत्येकी २० मीटर. ड्रॉइंगवर नाहीत, लूप सोडतातच की सगळे.

सर्व्हेताई: २२० मीटर तिथेच गेले. उरलेले तीसेक केबलच्या आत ट्यूबमधल्या पिळाचे, त्याने फायबर केबलपेक्षा लांब भरतं. तोच जॉइंट उघडा. आणि ड्रॉइंगवर प्रत्येक चेंबरला केबलवर छापलेला मीटर लिहा, आत येतानाचा आणि बाहेर जातानाचा. उद्या रात्री केबल तुटली तर दुसऱ्या कुणाला तरी हेच खड्डे खणावे लागतील.

भटक्या: आमच्याकडे रस्ता रुंदीकरणात जेसीबीने एका महिन्यात तीनदा तोडली.

घाटवाट: उघडला. चार कोअर जॉइंटमधल्या ट्रेच्या झाकणाखाली कडेला चेपले होते. मोकळे करून गुंडाळले, १५५० वर आता ०.०६. ताई, खूप आभार. तिकडूनही मोजायला गाडी दुसऱ्या टोकाला निघालीय. लाँच केबल (ओटीडीआर आणि लिंक यांच्यामध्ये लावायची जादा केबल) किती लागेल?

कोअरवाला: म्हणजे आतापर्यंत लावलीच नव्हती? ५०० मीटर पुरे. समोरच्या टोकालाही तेवढीच लावा, नाहीतर शेवटच्या कनेक्टरचा लॉस रिपोर्टमध्ये येणार नाही.